डेटम चुकला : एका नव्या टार्गेट रायफलचे पहिले सात आठवडे

नवी रायफल पहिल्यांदा चालवून झाल्यावर मुलीनं वहीत चार ओळी लिहिल्या : "लई गप आहे. समोर जड. पांढरं कमी दिसतंय. मान अवघडली."

ही वही मी तेव्हा वाचली होती. वाचून बाजूला ठेवली, कारण नवीन वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो असं मीच तिला सांगितलं होतं. पुढं गुण घसरले तेव्हा मी, रेंजवर तिला शिकवणाऱ्या मॅडम आणि निम्मे पालक मिळून बॅरलवर, म्हणजे रायफलच्या नळीवर, संशय घेऊन बसलो. त्या चार ओळींकडं परत वळायला आम्हाला चौथा आठवडा उजाडला.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीन शॉप चालवतो. जॉब, म्हणजे बनवून दिलेला भाग, रिजेक्ट होऊन परत आला की चूक मशीनची, फिक्श्चरची (जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीची), टूलची की माणसाची हे शोधायचं, हा माझा रोजचाच उद्योग. म्हणून हे प्रकरणही मी तसंच, तारीखवार मांडून ठेवलं. यातली सगळ्यात मोठी चूक माझी निघाली, आणि ती मी हातात मापाची हत्यारं घेऊन केली होती.

नवी का घेतली

मुलगी सतरा वर्षांची, चार वर्षं १० मीटर एअर रायफल करते. कोल्हापूर हे तालमींचं आणि फुटबॉलचं गाव. पण तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (आडवं पडून मारायच्या प्रकारात) विश्वविजेती झाली, आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकहून थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) ब्राँझ आणलं. आता आमच्या गल्लीत 'पोरगी शूटिंगला जाते' म्हटल्यावर 'कुठल्या सिनेमाचं?' असं कुणी विचारत नाही.

तिची जुनी रायफल सेकंडहँड होती, तेराव्या वर्षी घेतलेली. तेव्हापासून मुलगी अकरा सेंटिमीटर वाढली आणि बट, म्हणजे रायफलचा खांद्याकडचा भाग, शेवटच्या खाचेपर्यंत मागं गेलं. दुसरी अडचण सिलिंडरची. हवेच्या सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. मुदतीतला सिलिंडर आणणं ही खेळाडूची जबाबदारी. २०० बार दाब सहन करणारी नळी गालापासून वीतभर अंतरावर असते, त्यामुळं या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या जुन्या मॉडेलचा सिलिंडर मिळवायला मारामार होती, आणि मिळाला तरी बट काही वाढणार नव्हतं.

मग शॉपसाठी घ्यायचं ड्रिलिंग मशीन पुढं ढकललं आणि सव्वातीन लाखांची जर्मन बनावटीची, अ‍ॅल्युमिनियम स्टॉकची (बॅरल ज्यात बसतं त्या दांड्याची) रायफल घेतली. या खेळातल्या बऱ्याच नामांकित रायफली त्याच भागातून येतात. वाल्थर आणि आन्शुट्झ उल्मच्या, फाइनवेर्कबाऊ नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फची. आमची कुठली ते लिहीत नाही, इथं त्याचा संबंध नाही. ४.५ मिमी बोअरची, म्हणजे नळीच्या भोकाची, आणि २० ज्यूलच्या आतली म्हणून शस्त्रपरवाना लागला नाही. खरेदी माझ्या नावावर झाली, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन.

बॉक्स उघडला तेव्हा घरातली सगळी भोवती. आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढ्या पैशात ही सायकलच्या सांगाड्यासारखी दिसते." ते खोटं नव्हतं. लाकूड जवळपास नाहीच, सगळे रॉड, क्लॅम्प आणि अ‍ॅलन स्क्रू. मला मात्र ती बघताक्षणी आवडली. प्रत्येक सरकणाऱ्या भागावर कोरलेल्या रेघा, प्रत्येक रेघेला आकडा. माझ्या भाषेत बोलणारी वस्तू घरात आली, असं वाटलं. सोबत कारखान्यात झाडलेल्या पाच छर्ऱ्यांचं कार्ड होतं. पाचही एकाच भोकात, भोक बाहेरून बाहेर ५.१ मिमी. छर्राच साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे पाच छर्ऱ्यांत मिळून सहा दशांश मिलिमीटरची चूक. मी ते कार्ड शॉपमध्ये नेऊन मामांना दाखवलं. मामा आमच्याकडं तीस वर्षं लेथवर आहेत. ते म्हणाले, "ह्यातलं काय बिघडलं तर मशीनला नाव ठेवू नका, मालक."

मी केलेली नक्कल

रायफल रेंजवर नेण्याआधीच, रविवारी, मी दोन्ही रायफली शॉपमधल्या सरफेस प्लेटवर व्ही-ब्लॉकमध्ये आडव्या ठेवल्या. हाइट गेजनं जुनीची उंचीची सगळी मापं काढली : चीकपीस (गाल टेकायचा आधार) बोअरच्या सेंटरपासून किती खाली, बटप्लेट (खांद्याला लागणारी प्लेट) किती खाली, डाव्या हाताचा ठोकळा किती खाली. तीच मापं नवीवर बसवली, दशांश मिलिमीटरपर्यंत. चार वर्षं ज्या मापांवर ती उभी राहिली तीच मापं दिली की तिला फरक कळणारच नाही, असा हिशेब.

जुन्या रायफलवर तिच्या शेवटच्या दहा मॅचची सरासरी ६१७.४ होती. नवीवर पहिली पूर्ण मॅच : ६०६.२.

ज्यांना हे आकडे परके आहेत त्यांच्यासाठी : मॅच साठ शॉटची, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटांची. प्रत्येक शॉट दशांशात मोजतात, कमाल १०.९, म्हणजे एकूण ६५४. मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा, आणि गुणाचा एक दशांश म्हणजे केंद्रापासून पाव मिलिमीटर. आमचे अकरा गुण साठ शॉटमध्ये वाटले तर शॉटमागं ०.१९ येतात. म्हणजे प्रत्येक छर्रा सरासरी जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त लांब पडत होता. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही. आमच्या धंद्यात मात्र अर्धा मिलिमीटर म्हणजे अख्खा लॉट परत.

पुढच्या दोन मॅच ६०४.८ आणि ६०७.१.

आणि मग सल्ल्यांचा आठवडा आला. नवी रायफल ही रेंजवर लग्नातल्या नवरीसारखी असते, प्रत्येकाला जवळून बघायची असते आणि प्रत्येकाचं एक मत असतं. कुणी म्हणालं ट्रिगर हलका करा. कुणी म्हणालं बॅरल अजून 'खुललं' नाही, दोन हजार छर्रे जाऊ देत. एका सीनियर मुलानं बटप्लेटचा कोन फिरवला, दुसऱ्यानं पुढं आणखी एक वजन लावलं. प्रत्येकाचा हेतू चांगला. शनिवारी ६०१.५ आले, आणि कुठला स्क्रू कुणी कधी फिरवला हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. घरी येताना ती गाडीवर मागं बसून गप्प होती. राजारामपुरीच्या सिग्नलला म्हणाली, "पप्पा, जुनीच वापरते मी. सिलिंडरचं बघू कायतरी."

सगळे स्क्रू बंद

सोमवारी मॅडमनी नियम घातला : रायफलला हात फक्त तिचा लागेल, एका वेळी एकच बदल, आणि तोही वहीत लिहून. मी माझ्या रविवारच्या मापांवर सगळं परत आणलं. ६०५.९. निदान पाया तरी ठरला.

मग बॅरलचा निकाल लावायचा होता, कारण तो एक संशय डोक्यातून गेल्याशिवाय बाकीचं काही दिसत नाही. मामांनी एका संध्याकाळी फिक्श्चर केलं. मॅडमनी फोनवरून बजावलं होतं, "दादा, बॅरलला काहीही आवळायचं नाही." म्हणून स्टॉक काढून, स्टॉकचे स्क्रू जिथं बसतात तिथंच धरलं. रेंजच्या टेबलाला क्लॅम्प केलं आणि दहा-दहाचे ग्रुप काढले, म्हणजे दहा छर्ऱ्यांनी मिळून पाडलेलं भोक किती रुंद ते मोजलं. तिचे नेहमीचे छर्रे, ४.५० हेडचे (डोक्याचा व्यास ४.५० मिमी), जुन्या बॅरलसाठी निवडलेले : ६.७ मिमी. त्याच कंपनीचा दुसरा लॉट : ६.०. ४.४९ चा एक डबा : ६.२. एका मुलाकडून मागून घेतलेला ४.५० चाच तिसरा लॉट : ५.४.

म्हणजे बॅरल उत्तम, फक्त त्याच्या आवडीनिवडी वेगळ्या. डब्यावरचा आकडा सारखा असला तरी लॉट बदलला की शिशाचा मिलाफ, साच्याची झीज, सगळं थोडं थोडं बदलतं, आणि प्रत्येक बॅरल त्यातलं आपलं काय ते निवडतं. त्या तिसऱ्या लॉटचे दहा डबे, म्हणजे पाच हजार छर्रे, लगेच घेऊन ठेवले. छर्ऱ्याचा वेगही क्लबच्या यंत्रावर बघितला, सेकंदाला १७२ ते १७४ मीटर. साइटचे (नेम धरायच्या यंत्रणेचे) क्लिक, म्हणजे स्क्रूची एकेक खाच, उजवीकडं दहा, वर दहा, डावीकडं दहा, खाली दहा फिरवून बघितले. ग्रुप जिथून निघाला तिथं परत आला, स्क्रूमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही.

पण छर्ऱ्यांमुळं अकरा गुण जात नाहीत, फार तर एक-दोन. आणि खरं सांगायचं तर बॅरल निर्दोष आहे हे फिक्श्चरशिवायही कळायला हवं होतं. पहिल्या मॅचच्या दहा-दहा शॉटच्या सहा सिरीज वहीतच होत्या : १०२.४, १०२.६, १०१.७, १००.४, ९९.८, ९९.३. खराब बॅरल पहिल्या सिरीजपासून खराब मारतं, ते चाळिसाव्या मिनिटाला दमत नाही. शॉपमध्ये सकाळचे जॉब मापात आणि दुपारचे मापाबाहेर गेले तर मी पहिल्यांदा काय तापतंय, काय ढिलं होतंय ते बघतो. इथं मात्र मी बेरीज बघत बसलो होतो.

काहीतरी दमत होतं. "मान अवघडली."

कागदाची पट्टी

चौथ्या आठवड्यात मॅडमनी तिला पोझिशनमध्ये उभं केलं आणि मला बाजूला बोलावून विचारलं, "दादा, गाल टेकलाय असं वाटतंय तुम्हाला?" दिसत तरी तसंच होतं. मी खिशातली पावती फाडून एक पट्टी केली, तिच्या गाल आणि चीकपीसमध्ये सरकवली आणि रायफल नेहमीसारखी धरायला सांगितली. पट्टी ओढली. अलगद निघून आली. फिलर गेज जसा ढिल्या फटीतून निघतो तशी. जुन्या रायफलवर तोच प्रयोग केला तर कागद फाटला.

म्हणजे ती डोकं चीकपीसवर ठेवतच नव्हती. गाल नुसता टेकल्यासारखा करून डोकं मानेच्या जोरावर वर धरत होती, आणि ते साठ शॉट. वीस-पंचवीस शॉट मान साथ देते, मग नाही.

पण चीकपीस तर दशांश मिलिमीटरपर्यंत जुन्याच मापावर होतं! मी तिथंच बाकावर बसून दोन्ही रायफलींकडं बघत राहिलो आणि हळूहळू उजेड पडला. मी सगळी मापं बोअरच्या सेंटरपासून घेतली होती, कारण गोल वस्तू दिसली की सेंटरवरून माप घ्यायचं, ही माझी तीस वर्षांची सवय. पण नेमबाज बोअरमधून बघत नाही, तो साइटमधून बघतो. जुन्या रायफलीत साइटची रेषा बोअरच्या ४६ मिमी वर होती. नवीत साइटखाली उंचवटे आहेत, तिथं ती ५४. बोअरपासून गालाचं अंतर मी सारखं ठेवलं, आणि त्यामुळं डोळ्यापासून गालाचं अंतर आठ मिलिमीटरनं चुकलं. मापं सगळी बरोबर होती, डेटम, म्हणजे जिथून मोजायचं ती मूळ रेषा, चुकीचा होता.

मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "पहिल्या दिवशी विचारायचं होतं पोरीला, कुठनं बघतीस म्हणून."

डेटम बदलल्यावर एकामागून एक गोष्टी सुटत गेल्या. चीकपीस वर घेतलं, आठपर्यंत नेलं तर तिला जास्त वाटलं, सातवर थांबलो. दोन दिवसांनी मॅच : ६१२.३, आणि शेवटची सिरीज पहिलीपेक्षा चांगली. डोळा आणि खांदा शरीरावर जिथल्या तिथं असतात, मग साइटच्या रेषेपासून मोजलं तर बोअर आता आठ मिलिमीटर खाली आलं होतं. म्हणून बटप्लेट रायफलच्या मानानं आठ वर घ्यायला हवी होती, आणि डाव्या हाताचा ठोकळा आठनं कमी. हे दोन्ही बदल वेगवेगळ्या दिवशी केले. ६१४.०.

उरलेल्या तीन ओळी

"पांढरं कमी दिसतंय" याचा खुलासा सोपा निघाला. पुढच्या साइटमधल्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल बसवायचा आणि भोवती पांढऱ्या प्रकाशाची कडी सारखी राखायची, हे नेमबाजाचं मुख्य काम. नव्या रायफलला पुढं नळी लांब, त्यामुळं पुढची साइट डोळ्यापासून ७५० मिमीवर होती ती ८३० वर गेली. रिंग आम्ही जुनीच ३.६ ची घातली होती. लांब गेलेली वस्तू लहान दिसते, तशी ती जवळपास दहा टक्के लहान दिसू लागली आणि पांढरी कडी आकसली. कडी अरुंद झाली की डोळा प्रत्येक हालचालीवर घाबरतो आणि शॉट सोडायला उशीर होतो. हिशेबानं ३.९८ आलं, ४.० ची रिंग घातली. मुलगी म्हणाली, "हां, आता मोकळं वाटतंय." क्लिकचंही तेच. साइट लांब झाल्यामुळं तोच क्लिक टार्गेटवर आता थोडा कमी सरकतो, त्यामुळं जुने क्लिकचे आकडे तिला विसरावे लागले.

"समोर जड" मध्ये गूढ काही नव्हतं. नियमात ५.५ किलोपर्यंत चालतं, आमची जुनी ४.३, नवी वजनांसकट ४.९. पुढची दोन वजनं काढून ४.६ वर आणली. हळूहळू परत वाढवू.

"लई गप आहे" या ओळीनं मात्र सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. पहिल्या दिवशी ही तक्रार आहे असं कुणालाच वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं. जुनी रायफल शॉट सुटताना हलकासा धक्का द्यायची. नवीत तो धक्का जिरवणारी यंत्रणा चांगली आहे, खांद्याला काही कळतच नाही. पण चार वर्षं त्या धक्क्यानंच तिला 'झालं, आता उतर' असं सांगितलं होतं. तो निरोप बंद झाल्यावर ती आवाज झाला की लगेच मॉनिटरकडं बघू लागली. मॅडमनी मोबाइलवर स्लो मोशन काढलं तेव्हा दिसलं.

मी म्हटलं, आवाजानंतर डोकं उचललं तर काय बिघडतं? दहा मीटर जायला छर्ऱ्याला सेकंदाचे सहा शतांश लागतात, तो केव्हाच गेलेला असतो. मॅडमनी तोच व्हिडिओ थोडा मागं नेऊन परत लावला. काही शॉटमध्ये गालाची कातडी ट्रिगर सुटण्याआधीच सैल होत होती. उठायची घाई शॉटच्या अलीकडं सरकली होती. वहीत ९.१, ९.३ असे जे एकटेदुकटे शॉट दिसत होते आणि ज्यांच्यासाठी बॅरलला शिव्या बसल्या, त्यातले बरेच याच घाईचे असावेत. ट्रिगरचाही हात होता. जुना ११० ग्रॅमचा, नवा ६० वर आलेला, शिवाय सल्ल्याच्या आठवड्यात आणखी हलका केलेला. तो १०० वर नेला.

औषध मात्र जुनंच : रोज सकाळी अर्धा तास ड्राय, छर्रा न घालता, पांढऱ्या भिंतीसमोर, प्रत्येक शॉटनंतर रिंगमधून बघतच मनात 'एक, दोन' मोजायचं. रेंजवर मॉनिटर भिंतीकडं फिरवून ठेवायचा. तिला हे अजिबात आवडलं नाही. बारा दिवस रोज कुरकुर, तेराव्या दिवशी कुरकुर थांबली.

आकडे

सातव्या आठवड्याअखेर शेवटच्या पाच मॅचची सरासरी ६१८.६. जुन्या रायफलपेक्षा १.२ जास्त.

शेजारच्या शॉपवाल्यानं हिशेब लगेच केला, "सव्वातीन लाखात एक पूर्णांक दोन?" मी त्याला चहा पाजला. हिशेब बरोबरच आहे. पण मी आता बेरजेआधी सिरीज बघतो. जुन्या रायफलवरसुद्धा तिची शेवटची सिरीज पहिलीपेक्षा नेहमी अर्धा-पाऊण गुण खाली असायची, ते आम्ही लहान वयाच्या खात्यावर टाकलं होतं. शेवटच्या पाचपैकी तीन मॅचमध्ये ती शेवटची सिरीज सगळ्यात वर आहे. गंमत म्हणून जुनी रायफल परत एकदा चालवली, तर पंधरा शॉटमध्ये खाली ठेवली. आखूड बटामुळं ती खांदा आक्रसून उभी राहायची, हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. इतकी वर्षं ते तिला 'आपली पोझिशन' वाटत होतं.

रायफलवरच्या सगळ्या मापांचा तक्ता आता वहीच्या पहिल्या पानावर आहे, आणि त्याच्यावर तिनं लाल पेनानं लिहिलंय : 'सगळी मापं साइटच्या रेषेपासून. पप्पा, वाचा.' परवा स्पर्धेची बॅग भरताना शेवटचं पान दिसलं. "चीकपीस अजून १ मिमी वर?" असं लिहून खाली मॅडमच्या अक्षरात : "स्पर्धेनंतर."